वाचलेला खर्च

“एका ओळीत तेवीस,” अण्णा म्हणाले, “अशा चार ओळी. दोन पंगतींत लग्न उरकतं का नाही, सांग.”

सेलूच्या नगरपालिका शाळेच्या पटांगणात सकाळी सातलाच आम्ही दोघं उकिडवे बसलो होतो. अण्णांच्या हातात दुकानातली लोखंडी मीटरपट्टी, माझ्या हातात रांगोळीची वाटी. ते पट्टी ठेवायचे, मी ठिपका टाकायची. एका माणसाला पाऊण मीटर.

“पाऊण मीटरात जालन्याच्या काकू बसतील का, अण्णा?”

“त्यांना ओळीच्या टोकाला बसवू. तिकडून त्यांना पाहिजे तेवढं वाढता येतं.”

आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसातलं हसू म्हणावं असं तेवढंच. या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. पुढं माझं लग्न झालं, संसार झाला, तो विषय वेगळा. पण अजून कुणी लग्नात ‘आम्हाला काही नको’ असं म्हणालं की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील विश्वंभर ढगे, सव्वीस वर्षं एका कापड दुकानात कामाला होते. लोक लग्नाचा बस्ता बांधायला यायचे, आणि अण्णा त्यांच्यापुढं शालू, पैठण्या, धोतरं उलगडत बसायचे. शंभर साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक नाक मुरडून गेलं की शंभर घड्या घालायच्या. गिऱ्हाईक निळ्याला हिरवं म्हणालं, तर अण्णांनाही तो रंग हिरवा दिसायचा. कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. घरी आम्ही तिघंच, अण्णा, माय आणि मी. बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, शिकवण्या घेणारी.

माझं लग्न ठरत आलं आणि हा भिडस्त माणूस एकदम कर्ता झाला. सात वर्षं भिशी भरली होती, ती उचलली. बावीस हजार आले. तेवढ्यात सगळं बसवायचं. मग काय, माणसाला नुसता हुरूप चढला. हेडमास्तरांकडून सुट्टीतली शाळा फुकट मिळवली. मालकांकडून मांडवाला मांजरपाटाचे चार तागे मागून घेतले, डाग न पाडता परत करायच्या बोलीवर. जिलबी नको, बुंदी करू, कारण बुंदी पत्रावळीवर पसरून दिसते आणि जिलबीची दोन वेढी एकटी पडतात. मठ्ठ्याला ताक कुठलं, केळीचे खुंट कुणाच्या मळ्यातले, सगळं डोक्यात पाठ. गरिबीतलं लग्न, पण त्याला कुणी नावं ठेवता कामा नयेत. मला त्यांचं कौतुक वाटत होतं. खरं सांगायचं तर लग्नापेक्षा अण्णांचं ते रूप मला जास्त आवडलं होतं.

त्याच दिवशी अकरा वाजता पाव्हणे यादी करायला यायचे होते. आमच्याकडं सुपारी फुटण्याआधी दोन्हीकडची माणसं बसून यादी करतात. मांडव कुणी घालायचा, जेवण कुणाकडं, कपडे किती, भांडी कोणती, सगळं कागदावर लिहायचं. कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, पंचांसमोर मोठ्यानं वाचायचं, आणि दोन्हीकडच्यांनी सह्या करून एकेक प्रत ठेवायची. मग कुणाला फिरता येत नाही.

पाव्हणे परतूरचे. मुलगा सुधाकर गुंजकर, हायस्कूलवर मास्तर. मला बघायला आला तेव्हा त्यानं ‘काय वाचता?’ असं विचारलं होतं, आणि मी सांगितलेलं त्यानं ऐकूनही घेतलं होतं. एवढ्यावर मी त्याच्यावर बऱ्यापैकी खूश होते. त्याचे वडील भाऊसाहेब एका पतसंस्थेचे चेअरमन. पांढरेशुभ्र कपडे, मऊ आवाज. पहिल्या भेटीतच म्हणाले होते, “आम्हाला नारळ आणि मुलगी. बास.” माय त्या दिवशी देवापुढं साखर ठेवून रडली होती.

अकराला दोन जीपा आल्या. यादीला पाच-सहा माणसं येतात. ही चौदा होती. त्यात एकाच्या गळ्यात कॅमेरा. तो कुठल्याशा साप्ताहिकाचा वार्ताहर निघाला. मी खिडकीतून बघत होते. वाटलं, मोठ्या माणसांच्या मागं असे कोणी असतातच.

गल्लीतले पाच पंच, पाव्हणे, आमचे दोघं-चौघं असे सगळे पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसले. पोहे, पेढे झाले. अण्णांनी कोरा फुलस्केप कागद काढला, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि पेनचं टोपण उघडलं. तेवढ्यात भाऊसाहेबांनी हात वर केला.

“ढगेसाहेब, पेन ठेवा. मला एक विचार सुचलाय.”

अण्णांनी पेन ठेवलं.

“यादी कशाला? मांडव कशाला? गरीब बापानं पै पै करून जमवायचं आणि लोकांनी एका दुपारी खाऊन जायचं, हे मला पटत नाही. आपण आत्ता, इथंच, याच बैठकीत लग्न लावून टाकू. यादीवरच शादी! सोयऱ्यांचा एक रुपया खर्च होऊ द्यायचा नाही मला.”

खोलीत टाळ्या पडल्या. एक पंच म्हणाला, “याला म्हणतात माणूस.” वार्ताहर उठून उभा राहिला आणि त्यानं फोटो काढला.

अण्णा गोंधळले. “भाऊसाहेब, तुमचे उपकार आहेत... पण शाळेचं पटांगण घेतलंय. पुतण्या पुण्याहून यायचाय. लेकीला अजून साडी घ्यायची...”

“साडीत काय आहे? लेक महत्त्वाची.”

“हो. हो, ते खरंच आहे,” अण्णा म्हणाले. गिऱ्हाईक बरोबर बोलत होतं.

आणि मग ‘सुचलेल्या’ विचाराचं सामान जीपमधून उतरायला लागलं. भटजी उतरला, तो मागच्या सीटवर झोपला होता. नवरदेवाचा नवा सफारी उतरला. हार उतरले, अंतरपाट उतरला, मापाच्या मुंडावळ्या उतरल्या. माझ्यासाठी साडी मात्र उतरली नाही. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हा, हे मला तेव्हाच कळलं. पण तरी मी मनाला समजावलं. चला, निदान अण्णांचे पैसे वाचले. सात वर्षांची भिशी शाबूत राहिली. त्यासाठी जुन्या साडीत बोहल्यावर चढायला माझी ना नव्हती.

मी मधल्या खोलीत केस विंचरत होते. मागच्या दारी, न्हाणीजवळ कुणीतरी कुजबुजत होतं. खिडकीला नुसता पडदा होता. सुधाकरचे मामा गंगाधरराव अण्णांना बाजूला घेऊन बोलत होते.

“पाव्हणे, तुमचं तर नशीब उघडलं. मांडव वाचला, जेवण वाचलं, बस्ता वाचला.”

“भाऊसाहेबांची कृपा.”

“तर जे वाचलं, ते आता लेकराच्या हाती द्या.”

अण्णांनी कोरडेच हात सदऱ्याला पुसले.

“हुंडा नाही बरं का! हुंड्याचं नाव काढलेलं भाऊसाहेबांना खपत नाही. हा तुमचा वाचलेला खर्च. तो तर तुम्ही करणारच होतात. भिशीचे आलेत ना बावीस?”

“तुम्हाला कसं...”

“सोयरीक करताना माणूस चौकशी करतं की. भटजी घड्याळाकडं बघायलाय. उरका.”

मला वाटलं, आता अण्णा काहीतरी म्हणतील. फार नाही, नुसतं ‘घरात बोलून सांगतो’ एवढं जरी म्हणाले असते! ते आत आले. माय कपाटापाशीच उभी होती, तिनंही सगळं ऐकलं होतं. दोघांनी एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. अण्णांनी लुगड्यांखालून पाकीट काढलं आणि माझ्यासमोरून, माझ्या अंगाला वारा लागेल इतक्या जवळून, मागच्या दारी गेले.

पडद्याच्या फटीतून मी मामाला नोटा मोजताना बघितलं. अंगठा जिभेला लावायचा, एक नोट. परत जिभेला, परत नोट. चांगला थुंकीनं भिजलेला अंगठा. मध्येच त्याला न्हाणीच्या कठड्यावर ठेवलेल्या आमच्या बशीतला पेढा आठवला, तो त्याच अंगठ्यानं उचलून तोंडात टाकला आणि चावता चावता पुढं मोजायला लागला. अण्णा समोर हात बांधून उभे होते, नग कमी निघाला तर दुसरा आणून द्यायला. मला शिसारी आली. मोजून झाल्यावर मामानं पाकीट कापडी पिशवीत टाकलं आणि समाधानानं ढेकर दिला.

“माय, हे चाललंय ते तुला दिसतंय ना?” मी म्हणाले.

“हळू बोल. कुणाच्या घरी होत नाही हे?”

“मग शाळा कामून मोजत बसलो होतो सकाळपासून?”

“कालिंदे, बाहेर चौदा माणसं बसलीत,” माय म्हणाली, आणि माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधायला लागली. गाठ तिनं पक्की मारली.

बाहेर पाट मांडले होते. सुधाकर सफारीत उभा होता. दोघांनी अंतरपाट धरला. भाऊसाहेब वार्ताहराला सांगत होते, “लिहा, कोणत्याही अपेक्षेशिवाय. अपेक्षेशिवाय हा शब्द ठळक घ्या.” मामा भिंतीला टेकून बसला होता, पिशवी मांडीवर. भटजीनं घसा खाकरला.

मी पाटापाशी आले आणि थांबले.

“यादी वाचा आधी,” मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला.

भाऊसाहेब हसले. “बाळ, यादी कोरी आहे. तीच तर मजा आहे यात.”

“हळदकुंकू लावलंय कागदाला. कोरा कसा ठेवायचा? एक ओळ लिहायची राहिली. मामांच्या पिशवीत आहे ते तेवढं लिहा, पंचांना वाचून दाखवा, सह्या करा. मग मी उभी राहते.”

पंच एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. वार्ताहराचं पेन अर्ध्यावर थांबलं. मामा काहीतरी बोलायला गेला, पण भाऊसाहेबांनी त्याला हातानं गप्प केलं. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता ते अण्णांकडं वळले.

“ढगेसाहेब, मी तुमच्याकडं काही मागितलंय?”

“नाही, भाऊसाहेब.”

“तुम्ही कुणाला काही दिलंय?”

सगळी खोली अण्णांकडं बघत होती. मीही बघत होते. मी काय मागत होते हो? फक्त एक ‘हो’. लग्न मोडलं असतं, जीपा निघून गेल्या असत्या, गल्लीनं चार दिवस चघळलं असतं. सगळं मी सोसलं असतं. बापानं एकदा माझ्या बाजूनं उभं राहायला हवं होतं, बस.

“नाही नाही, तसलं काही नाही,” अण्णा म्हणाले. आणि हात जोडले. “लेकरू घाबरलंय. उगंच बोलायलंय ते. मनावर घेऊ नका.”

मी सुधाकरकडं बघितलं. अंतरपाट खाली आला होता, त्यामुळे तो पुरता दिसत होता. “तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

तो सफारीच्या बाहीचं बटण चाचपत म्हणाला, “मोठ्यांच्या मध्ये मी काय बोलणार?” पुस्तकांबद्दल विचारलं होतं त्याच मऊ आवाजात. बापाचा आवाज पोरानं जसाच्या तसा उचलला होता. मला आधी ऐकू आलं नव्हतं एवढंच.

मग मात्र माझं डोकं थंड झालं.

“बरं,” मी म्हणाले. “भाऊसाहेबांनी मागितलं नाही आणि अण्णांनी दिलं नाही. पंचांनी ऐकलंय.” मी भिंतीपाशी गेले आणि मामाच्या मांडीवरची पिशवी उचलली. तो इतका बेसावध होता की त्याचा हात नुसताच हवेत राहिला. पाकिटावर अण्णांच्या दुकानाचा शिक्का होता. ते मी सगळ्यांना दाखवलं. “आमचं पाकीट चुकून यांच्या पिशवीत गेलं असेल. दिलं कुणीच नाही, तेव्हा मी परत घेते.”

एक पंच खोकल्याचं निमित्त करून हसला. भाऊसाहेब उठले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, “अशी मुलगी घरात आणून काय करायचं?” मग रांगेनं सगळे उठले. भटजीनं हार परत पिशवीत भरले. माझ्या कपाळावरच्या मुंडावळ्या त्यांच्या होत्या. त्याही मामानं हात पुढं करून मागून घेतल्या. वार्ताहर शेवटचा पेढा तोंडात टाकून भाऊसाहेबांच्या मागं पळाला. “साहेब, बातमीचं काय करू?” असं विचारत होता.

जीपा गेल्या. पंचही चपला शोधून गेले. पोह्यांच्या बशा तशाच पडल्या होत्या.

“चार माणसांत बोलायचं होतं का हे?” माय अखेर म्हणाली. “आत सांगायचं असतं.”

“आत कुणाला सांगू? तुम्ही दोघं आतच होतात.”

तिनं पदर तोंडाला लावला. अण्णा खांबाला टेकून बसले होते. मी पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. मग उठले, टोपी घातली, पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात सरकवलं आणि चपला पायात अडकवून बाहेर पडले. मला वाटलं, पैसे बँकेत ठेवायला गेले असतील. मला जरा बरंही वाटलं. वाटलं, माणसाला लाज वाटली असेल, परत येतील तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवतील. मी बशा घासायला घेतल्या.

दिवेलागणीला ते परत आले. पायावर धूळ, टोपी हातात. माय पाणी घेऊन पुढं झाली.

“कुठं गेला होतात एवढा वेळ?”

“परतूरला. दोनच्या एसटीनं.”

मायच्या हातातला तांब्या थांबला. “भाऊसाहेबांकडं?”

“व्हय. माफी मागून आलो. आपल्याकडून चुकलं होतं.”

“मग? घेतलं का त्यांनी ऐकून?”

“घेतलं.”

मायनं तांब्या खाली ठेवून देवाकडं हात जोडले. “म्हणजे जमलं म्हणायचं.”

“ऐकून घेतलं,” अण्णा म्हणाले. “लग्नाला नको म्हणाले.”

“आणि पैसे?” मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. पाय धुताना बोलावं तसं सहज बोलले. “दोन जीपांचं भाडं होतं. भटजी होता. सुधाकररावांचा सफारी शिवलेला. शिवाय चार माणसांत शोभा झाली त्यांची. मामांनी सगळं सांगितलं.”

“बावीस हजारांचा सफारी?”

“भाऊसाहेब नको नको म्हणत होते. मीच म्हणालो, ठेवा.”

सात वर्षं दर महिन्याला भरलेली भिशी. तेवीस माणसांच्या चार ओळी, बुंदी, मठ्ठा, केळीचे खुंट. सगळं एका मोडलेल्या लग्नावर खर्च झालं होतं, आणि ते कुणी मागितलंसुद्धा नव्हतं. माझा बाप तिकीट काढून पोचवायला गेला होता. दिवसभर मला त्या गुंजकरांची किळस येत होती. त्या क्षणी ती सगळीच्या सगळी इकडं वळली, आमच्या घरातल्या या पाय धुणाऱ्या, सज्जन, हात जोडणाऱ्या माणसाकडं. त्याची किळस आली आणि अशी किळस आली म्हणून माझी स्वतःचीही आली.

“माणसं वाईट नाहीत,” अण्णा पंच्यानं पाय पुसत म्हणाले. “चहा दिला. मी नको म्हणत होतो तर अजून अर्धा कप ओतला.”

आणि हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. रुसलेलं गिऱ्हाईक दुकानातून हसत बाहेर पडलं की जसा उजळायचा, अगदी तसा.

मी उठून न्हाणीत धावले आणि भिंतीला धरून ओकले. दिवसभर पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं. परत उमळून आलं, परत पाणी. मागून माय आली. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवायला आली.

“कालिंदे, हळू,” ती म्हणाली. “शेजारी ऐकतील.”